माझ्या घराचा भाव मीच सांगितला

काय सांगू तुम्हाला, माणसाने भाषण जरूर द्यावं, पण स्वतःच्या घराबद्दल देऊ नये. मी दिलं. भर नगरपालिकेच्या सभागृहात, माइक हातात घेऊन, टाळ्या घेत दिलं. त्या टाळ्या मला केवढ्याला पडल्या ते ऐका. चहा घ्या आधी, गार होतोय.

गावाचं नाव मी सांगत नाही. जळगावहून धुळ्याला निघालात की वाटेत लागतं, एवढं पुरे. गावातल्यांना हा किस्सा पाठ आहे, आणि बाहेरच्यांना गाव कळून माझं काही भलं होणार नाही.

मी विमा एजंट. लोकांच्या ओट्यावर बसून त्यांना त्यांच्याच मरणाबद्दल सांगायचं, आणि वर त्यांच्याच घरचा चहा प्यायचा, हा माझा धंदा. ज्याला हे जमतं त्याला बोलायची भीती कसली? कॉलनीत गणपती बसवायचे असोत, कोणाची सेवानिवृत्ती असो, दोन शब्द बोलायला रमेशभाऊच. एकदा तर एका मयताला मी असं काही बोललो, की परतताना रस्त्यातच दोघांनी पॉलिसी घेतली!

तर झालं असं, की गावात घरपट्टीची फेरआकारणी आली. आधी माणसं आली, लाल ठिपका मारणारं यंत्र भिंतीला लावून खोल्या मोजून गेली. मग नोटिसा आल्या. माझी घरपट्टी जवळजवळ दुप्पट! कारण काय, तर वरचा मजला.

आता हा वरचा मजला म्हणजे दोन खोल्या, गेल्याच वर्षी बांधलेल्या. बांधल्या आमच्या मुलीसाठी. प्राजक्ता नाशिकला दिलीय, तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे होणार होतं. माझ्या बायकोने, मंगलाने, त्या खोल्यांवर एवढा जीव लावला होता की विचारू नका. भिंतींचा रंग तिनेच निवडला. पडदे तिनेच शिवले. मला वर चप्पल घालून जायची परवानगी नव्हती. माझ्याच घरात!

नोटीस आली आणि कॉलनीत वाद पेटला. आमची वाद घालायची जागा ठरलेली. रफीकभाईंचा फर्निचरचा कारखाना. त्यांच्या घराच्या पुढच्याच खोलीत आहे. ते रंधा मारतात, आम्ही तोंड चालवतो. तिथे रोज येणारे दुसरे म्हणजे नाना. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. आमच्या घरासमोरच राहतात. बोलणं सगळं अहिराणीत, आणि हिशेब सगळा तिकिटाचा.

"काय अवघड शे यामा?" नाना म्हणाले. "घर मोजानं, तिकीट फाडानं! एरंडोलनं तिकीट एरंडोलएवढं, अमळनेरनं अमळनेरएवढं. खिडकीजवळ बसा नाहीतर मागे बसा, भाडं तेच!"

"म्हणजे नाना, हायवेवरचा बंगला आणि नाल्यावरचं घर, दोघांना एकच दर?" मी विचारलं.

"फूट सारखा तर पैसा सारखा!"

रफीकभाईंनी रंधा थांबवला. "माझं ऐका ना भाऊ. या खोलीला दुकानाचा दर लावलाय. लग्नसराईत कपाटं विकली जातात, कबूल. पण पावसाळ्यात मी इथे बसून माशा मारतो. माशांवर पण टॅक्स का?"

दोघांचं ऐकून घेतलं. मग मी घसा साफ केला. माझा घसा साफ झाला की मंगला स्वयंपाकघरात निघून जाते, पण इथे मंगला नव्हती.

"नाना, रफीकभाई, घराची किंमत लांबी-रुंदीत नसते. उद्या ते घर भाड्याने द्यायचं म्हटलं, तर समोरचा माणूस किती देईल, ती त्याची खरी किंमत! कर लावायचा तर त्यावर लावा. आणि ती किंमत यंत्रवाल्याने का सांगायची? मालकाने सांगावी! मालकाइतकं घराला ओळखतं कोण?"

"वा रे वा!" नाना उसळले. "मंग बठ्ठा लोके कमीच सांगतीन! खरं कोन सांगी?"

सगळेच कमी सांगतील, हाच प्रश्न यायचा होता! मी चहाचा घोट घेतला. मुद्दाम घेतला. विमा विकताना पण मी असाच थांबतो, समोरच्याच्या पोटात गोळा यावा म्हणून.

"सोपं आहे नाना. मालक जो भाव सांगेल, त्या भावात कोणी ते घर मागितलं, तर मालकाने नाही म्हणायचं नाही. द्यायचंच! मग बघू कोणाची हिंमत होते खोटं सांगायची!"

रफीकभाई म्हणाले, "भाऊ, ये बात एक नंबर!" नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. माझ्यासमोर वादात नानांनी टोपी काढल्याची ती पहिलीच वेळ. तिथेच ठरलं. सुनावणीला कॉलनीतर्फे रमेशभाऊ बोलणार.

मी तिथेच थांबायला हवं होतं का? हो. थांबलो का? तुम्ही मला ओळखत नाही.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलेलं. पंखे फिरत होते, पण हवा कोणाकडेच येत नव्हती. खुर्चीवर कर विभागाच्या नव्या अधिकारी, तायडे मॅडम. बुलढाण्याकडून बदलून आलेल्या, तिशीच्या, चष्मा, आवाज एकदम हळू. लोक ओरडत होते, रडत होते, एका आजोबांनी तर घराचा पाया खणायची धमकी दिली. मॅडम सगळ्यांना एकच म्हणायच्या, "बसा, बसून सांगा."

माझं नाव पुकारलं. मी काही बसून सांगितलं नाही. मी माइक घेतला.

तुम्हाला खोटं वाटेल, पण असं भाषण मी परत कधी दिलं नाही. कारखान्यातलं सगळं तत्त्वज्ञान सांगितलं, वर थोडं जास्तच सांगितलं. "मालकाने भाव सांगावा! आणि त्या भावात मागणाऱ्याला मालकाने नाही म्हणू नये! हीच खरी लोकशाही!" यात लोकशाही कुठून आली ते मलाही माहीत नाही, पण टाळ्या आल्या. मागच्या रांगेतून शिट्टी आली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कल्पना चांगली आहे. कायद्यात बसत नाही, पण चांगली आहे. मग तुमच्याच घराबद्दल बोलू. तुमच्या वरच्या मजल्याला काय भाडं येईल?"

आयुष्यभर मी वस्तू चढवून विकली. उतरवून विकायची ही पहिलीच वेळ. पण कला ती कला!

"मॅडम," मी आवाज खाली आणला, "त्याला मजला म्हणायचं ते तुमचं मन मोठं म्हणून. ती भट्टी आहे. वैशाखात आमच्याकडे पापड भाजायला तवा लागत नाही, वरच्या फरशीवर ठेवतो. पाणी वर चढत नाही. जिना असा, की चढणारा माणूस आधी देवाचं नाव घेतो. समोर हायवे, ट्रक असे जातात की झोपलेला माणूस सकाळी दुसऱ्या खोलीत सापडतो. आणि खिडक्या! खिडक्या तर लागतच नाहीत!"

"ओ भाऊ!"

मागून रफीकभाई उभे राहिलेले. चेहरा लाल.

"त्या खिडक्या मी बनवल्यात! सागाच्या! लागत नाहीत म्हणजे काय? चला, आत्ता चला, लावून दाखवतो!"

"रफीकभाई, बसा ना," मी दातांतून म्हणालो.

"बसू कसा? साऱ्या गावासमोर माझ्या हाताला नाव ठेवता? मॅडम, खिडकी एकदम फर्स्ट क्लास आहे. बाकीचं मला माहीत नाही, पण खिडकी लिहून घ्या!"

सभागृह हसायला लागलं. मी सावरून घेतलं. "ठीक आहे, खिडक्या सोडून बाकी सगळं! तर मॅडम, अशा जागेला कोणी हजार रुपये महिना दिले तरी मी त्याचे पाय धरीन."

"हजार?"

"तेही माणुसकी म्हणून."

"आणि त्या भावात कोणी मागितलं तर?"

मी हात वर केला, आणि अख्ख्या सभागृहाने माझ्याबरोबर सूर धरला, "तर मालकाने नाही म्हणायचं नाही!"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "मग मला द्या. मी आणि माझी आई बदली झाल्यापासून लॉजवर राहतोय. सरकारी पगार म्हटला की लोक भाडं चढवून सांगतात, आणि वर विचारतात, मिस्टर कुठे असतात? तुमच्यासारखा स्पष्ट बोलणारा मालक पहिल्यांदाच भेटला."

हसून हसून लोकांची मुरकुंडी. मीही हसलो. केवढी विनोदी बाई, मी म्हटलं. मग मी मागे कशाला राहू?

"उद्याच या मॅडम! किल्ली दारालाच लावून ठेवतो!"

त्यांनी शेजारच्या कारकुनाला सांगितलं, "यांच्या हरकतीचा निर्णय आता मी देणार नाही. मी यांच्या घरात राहणार, मीच निर्णय देणं बरं नाही. ही मुख्याधिकारी साहेबांकडे पाठवा."

वा! मी मनात म्हटलं, काय अभिनय आहे! कारकुनाने खरंच लिहून घेतलं, तर मला वाटलं तोही सामील आहे.

घरी येऊन मंगलाला म्हणालो, "आज सभा मारली!" तिने विचारलं, "घरपट्टी कमी झाली?" मी म्हटलं, "होईल." एवढंच. बाकीचं सांगण्यासारखं काही वाटलंच नाही मला.

दुसरा दिवस रविवार. मी भडगावला एका गिऱ्हाइकाकडे गेलेलो. दुपारी मंगलाचा फोन. "लवकर या. धुळ्याच्या मावशी आल्यात, बरोबर एक मुलगी आहे."

धुळ्याच्या मावशी म्हणजे आमच्या जावयाच्या मावशी. बाळंतपणाची सोय कशी काय केलीय ते बघायला त्या कधीतरी येणार होत्या. मंगलाने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, फक्त धाक ऐकला होता.

मी पोचलो तर दारात टेम्पो. टेम्पोत गादी, कपाट, गॅसची शेगडी. मावशी एवढं घेऊन आल्या? मी जिना चढायला लागलो आणि वरून मंगलाचा आवाज आला. असा गोड आवाज मी लग्नानंतर ऐकला नव्हता.

"हवा बघा ना मावशी! दुपारी खिडकी उघडली की केळीच्या बागेवरून वारा येतो, माणसाला झोपच लागते."

"आणि पाणी?" एक हळू आवाज. माझा पाय पायरीवरच राहिला.

"पाणी दिवसरात्र! टाकी डोक्यावरच आहे."

"जिना जरा अवघड वाटला का हो?"

"छे! माझे गुडघे दुखतात, तरी मी दिवसभर वर-खाली करते."

"ट्रकचा आवाज?"

"ट्रक? हायवे त्या अंगाला राहिला. इथे पहाटे मोर ओरडतो, तेवढाच काय तो त्रास."

मी दारात पोचलो. तायडे मॅडम खिडकीजवळ उभ्या. त्यांनी खिडकी ओढली. खिडकी अशी अलगद लागली की आवाजसुद्धा झाला नाही. रफीकभाईंचा हात, दुसरं काय!

मी मॅडमच्या मागून मंगलाला खुणा करायला लागलो. हात हलवले, डोळे फिरवले, ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, असे हात काय हलवताय?" मंगला म्हणाली. "इथे एक डास नाही. बघा मावशी, जाळीपण लावलीय!"

मॅडम वळल्या. "नमस्कार रमेशभाऊ. काल तुम्ही कोणत्या घराबद्दल बोलत होता?"

"काल?" मंगला म्हणाली. "काल कुठे भेटले हे तुम्हाला?"

तेवढ्यात टेम्पोवाला कपाट खांद्यावर घेऊन आला. "मॅडम, हे कुठे ठेवू?"

"मावशी, कपाट कशाला आणलं?" मंगला गोंधळली. "प्राजक्ताला यायला अजून वेळ आहे."

"प्राजक्ता कोण?" मॅडमच्या आईने विचारलं.

पुढची पाच मिनिटं मी तुम्हाला सांगत नाही. एवढंच सांगतो, की मंगला मला खाली स्वयंपाकघरात घेऊन गेली. ती शहाण्यासारखी मराठी बोलते तोवर काळजी नसते. ती माहेरच्या बोलीवर आली की समजायचं, आपलं काही खरं नाही.

"तुमले कोनी सांगेल व्हतं बोलाले? आते मन्ही पोर कोठे राही? तुम्हना भाषणमा?"

मी घसा साफ केला, तर तिने लाटणं उचललं. मी घसा परत जसा होता तसा केला.

मॅडम खाली आल्या. त्यांना सगळं कळलं होतं. "काकू, मला बाळंतपणाचं माहीत नव्हतं. मला गंमत वाटली, तेही खरं. आम्ही जातो. टेम्पो अजून उभाच आहे."

मंगलाने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या आईकडे पाहिलं. म्हातारी बाई पायरीवर बसून राहिली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत देव. किती दिवस लॉजवरची भाजी खाल्ली होती कोण जाणे.

"आधी जेवा," मंगला म्हणाली. "वरण-बट्टी केलीय. मग काय ते बोलू."

जेवता जेवता मॅडमच्या आईने बट्टी तुपात बुडवली आणि म्हणाली, "घरचं खाऊन महिने झाले." झालं! तिथेच निर्णय लागला. मला कोणी विचारलं नाही.

"पोरगी खाली राहील, आमच्या खोलीत," मंगलाने जाहीर केलं. "मी तिच्याजवळ झोपेन."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही गच्चीवर. फरशी तापते म्हणे तिथे, पापड भाजतात. पण हजार रुपयांत एवढंच मिळतं."

मॅडमनी सभागृहातलं सगळं सांगितलं होतं तर!

तुम्हाला वाटेल, झालं एवढं पुरे. छे हो! अजून माझं तोंड शाबूत होतं.

महिना भरायच्या आत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मंगला आणि मॅडमची आई यांची अशी गट्टी जमली, की बाळंतविड्याची दुपटी दोघी मिळून शिवायला लागल्या. डिंकाचे लाडू कसे वळायचे यावर रोज चर्चा. रफीकभाई मात्र माझ्याशी बोलत नव्हते. मी त्यांच्या कारखान्यात गेलो की रंध्याचा आवाज वाढायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे निकाल. नाना पेढे घेऊन आले. कॉलनीत बहुतेक सगळ्यांची घरपट्टी थोडी थोडी उतरली होती. माझ्या भाषणाने नव्हे बरं का! त्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, की आम्ही स्वतः राहतो. मालक स्वतः राहत असेल तर सूट असते म्हणे. रफीकभाईंच्या खोलीचंसुद्धा परत बघणार होते. आणि मी? माझी वाढली! वरचा मजला भाड्याने दिलेला, म्हणून त्याची सूट गेली.

"तुन्हं भाषण भारी व्हतं रे रमेश," नाना म्हणाले आणि माझ्याच हातावर पेढा ठेवला.

मी काय गप्प बसणारा माणूस आहे? मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. दुसरी सुनावणी. या वेळी सभागृह नाही, त्यांची खोली. समोर साहेब, बाजूला कारकून, आणि तमाशा बघायला आलेले नाना.

"साहेब," मी म्हणालो, "भाडेकरू कोण? मॅडम? अहो, मुलगी आहे ती माझी! माझ्या घरात जेवते, माझ्या बायकोला काकू म्हणते. घरचं माणूस राहतं तर ती जागा माझ्याच वापरात झाली ना?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "भाडं घेता ना पण?"

"अजून एक पैसा घेतलेला नाही!" आणि ते खरंच होतं. महिना भरायचा होता.

"अजून नाही. पुढे घेणार?"

आता इथे थांबता आलं असतं बघा. "बघू," म्हणता आलं असतं. "बायकोला विचारतो," म्हणता आलं असतं. पण समोर साहेब, बाजूला नाना, आणि माझा घसा साफ.

"मुलीकडून भाडं? साहेब, माणूस आहे मी! विमा एजंट असलो म्हणून काय झालं!"

"म्हणजे विनाभाडे राहतात."

"आयुष्यभर राहू देत!"

साहेबांनी मान डोलावली, कारकुनाने लिहिलं, आणि माझी सूट मला परत मिळाली. जिंकलो! बाहेर पडून गरम जिलबी घेतली. नानांना म्हटलं, चला, तुम्हीही खा. विजयी माणूस उदार असतो.

घरी सगळ्या अंगणातच बसलेल्या. मी जिलबी ठेवली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. हातवारे करून सांगितलं. साहेबांचा आवाजसुद्धा काढून दाखवला.

नाना सोडून कोणी जिलबीला हात लावेना.

"भाऊ," मॅडम म्हणाल्या, "मग मला इथे राहता येणार नाही."

"का?"

"ज्या गावाची घरपट्टी मी ठरवते, त्या गावात फुकट राहू? लोक काय म्हणतील? आणि लोक कशाला, मला स्वतःलाच झोप लागणार नाही."

"मग भाडं द्या ना! कोणाला सांगू नका म्हणजे झालं!"

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्याच वाक्याचा अर्थ उशिरा कळला. भाडं घेतलं तर मी साहेबांसमोर खोटं बोललो. नाही घेतलं तर मॅडम राहू शकत नाहीत. परत साहेबांकडे जाऊन तिसरं काही सांगावं, तर मंगलाने दारच अडवलं. "आता तिकडे तोंड उघडलंत, तर आपल्याला खालचा मजलापण सोडावा लागेल!"

मॅडमच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मंगलाने लावला. अर्धी दुपटी शिवून पडली होती मधे.

आणि नाना! इतका वेळ जिलबी खात बसलेले नाना बोट चाटत म्हणाले, "मन्ही वरनी खोली रिकामी शे."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"भाडं काय घ्याल नाना?" मॅडमनी विचारलं.

"माले काय समजस त्यानं? तुम्ही शिकेल शेतस. तुम्हीच ठरावा."

आणि मॅडमनी ठरवलं. माझ्या हजाराच्या तिप्पट! गावात एवढंच चालतं म्हणाल्या, कमी देणं बरोबर नाही. ना भाषण, ना माइक, ना लोकशाही! नाना उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रमेश, जिलबी गोड शे."

त्याच संध्याकाळी टेम्पो परत आला. या वेळी त्याला फक्त रस्ता ओलांडायचा होता. कपाट मीच एका बाजूने धरलं, कारण दुसरी बाजू धरायला रफीकभाई आले होते. जिन्यात त्यांनी मला विचारलं, "खिडकी लागते ना भाऊ?" मी म्हटलं, "रफीकभाई, अशी खिडकी अख्ख्या खानदेशात नाही." तेव्हापासून रंध्याचा आवाज परत पहिल्यासारखा झाला.

प्राजक्ता आली. वरच्याच मजल्यावर राहिली. मुलगी झाली, गोरीपान, सुखरूप. पण घरात माणूस दिसेल तर शपथ! मंगला, प्राजक्ता, बाळ, सगळ्या नानांच्या वरच्या खोलीत. मॅडमच्या आईच्या मांडीवर बाळ गप्प राहतं म्हणे. मी ओट्यावर एकटा. समोरच्या खिडकीतून हसण्याचे आवाज ऐकत बसतो.

परवा असाच बसलो होतो, तर नगरपालिकेचा एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. घरांची फेरतपासणी चालू आहे म्हणाला.

"घरमालक आहेत का?"

मालक म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग उत्तर, मग भाषण. मी ठरवलं, आज एक अक्षर बोलायचं नाही. मी मान हलवली आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, "मालकीणबाई समोर गेल्यात. मला काही माहीत नाही. मी इथे भाडेकरू आहे."

काय सफाईने सुटलो! मला माझंच कौतुक वाटलं.

त्या माणसाने शांतपणे बाजूची खुर्ची ओढली, टॅब मांडीवर घेतला आणि म्हणाला, "बरं झालं काका, तुम्हीच भेटलात. सांगा, भाडं किती देता?"